पाच दहाची बस

३ मार्च, सोमवार

आज टाके घालताना मॅडम माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. शेवटची गाठ मारून दोरा कापला, तेव्हा म्हणाल्या, "हे हात वाया घालवू नकोस." आणि गेल्या.

मॅडम म्हणजे बायकांच्या पोटातल्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या आमच्या मोठ्या सर्जन. सत्तावन्न वर्षांच्या. मी त्यांच्या हाताखालच्या चौघा ज्युनियर डॉक्टरांपैकी एक. रविवारी सकाळीसुद्धा वॉर्डात येतात, आणि प्रत्येक बाईला नाव घेऊन विचारतात की झोप लागली का. रिपोर्ट बघण्याआधी तोंड बघतात. मी चार महिन्यांत त्यांना एकदाही दमलेलं पाहिलेलं नाही.

दुपारी बोलावून घेतलं. पुढच्या शिक्षणाच्या अर्जात त्यांची शाखा पहिली लिहिली तर त्या मला घेतील. पाच वर्षं. अर्जाची मुदत तीस एप्रिल. मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळल्या.

आईला सांगितलं. आम्ही घरात दोघीच. ती शाळेच्या मुलांना पोहायला शिकवते. म्हणाली, "छान झालं." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "पाच वर्षं म्हणजे रविवार धरून?"

मी हसले. तिला विनोद बरा जमतो.

७ मार्च, शुक्रवार

कपाळात गेले. पॅथॉलॉजी लॅबमधला ज्युनियर रजेवर गेला म्हणून सोमवारपासून तीन आठवडे मला तिकडे पाठवलंय. तळघरात. ऑपरेशनात काढलेले तुकडे तिथे जातात आणि काचेवर बसून 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' होऊन वर येतात. दोन्हीच्या मधे काय होतं याची आम्हाला कुणाला फिकीर नसते.

तिथले सर सगळ्या हॉस्पिटलात प्रसिद्ध आहेत, पण भलत्याच कारणासाठी. बरोबर पाच वाजता घरी जातात. आम्ही त्यांना 'पाचचे सर' म्हणतो. माझा बॅचमेट उंच्या म्हणतो, हॉस्पिटलचं घड्याळ बिघडलं तर सरांच्या चपलेच्या आवाजावर लावायचं. बत्तीस वर्षांची नोकरी, आणि अजून विभागप्रमुख नाहीत.

मॅडमना विचारलं, दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का. म्हणाल्या, "तू जा. आपण कापून पाठवतो त्याचं पुढे काय होतं ते बघ तरी."

१० मार्च, सोमवार

नऊला पोचले. सर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. शेजारी बघून झालेल्या स्लाइडचे चार ट्रे. म्हणजे हे आले कधी?

मान वर न करता म्हणाले, "बसा. काय दिसतं सांगा." या मायक्रोस्कोपला दोन माणसांसाठी दोन डोळे आहेत. मी बघितलं आणि म्हटलं, "कॅन्सर."

"तुम्हाला काय वाटतं ते नाही विचारलं. काय दिसतं?"

गुलाबी दिसतंय, जांभळं दिसतंय, एवढंच मला म्हणता आलं. पंधरा मिनिटं त्यांनी मला एकाच जागेचं वर्णन करायला लावलं. गर्दी कुठे आहे, रांग कुठे मोडली, मोठं कोण, वेडंवाकडं कोण. शाळेत पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

पाचला उठले, खुर्ची आत सारली, काकूंना "येतो" म्हणाले आणि गेले. काकू म्हणजे स्लाइड बनवणाऱ्या तंत्रज्ञ बाई. मी विचारलं, सर सकाळी किती वाजता येतात? "सातला," काकू म्हणाल्या. "कुणाला माहीत नसतं, कारण तेव्हा बघायला कुणी नसतं."

१४ मार्च, शुक्रवार

आज एका स्लाइडवर बसले ती उठलेच नाही. वाटलं वीस मिनिटं झाली, बघते तर दोन तास. लॅबमधे हवा थंड असते, म्हणून वेळ कळत नसावा.

सरांनी पाचला मलाही घालवून दिलं. रोज मी इथून वॉर्डात जाते हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "डोळ्यांना रजा द्या. उद्या हेच डोळे लागणार आहेत." म्हणून आज पाच दहाची बस मिळाली. सर त्याच बसमधे. पुढच्या दाराने चढले आणि चालकाच्या अगदी मागच्या सीटवर बसले. गाडी चालवणाऱ्या एक बाई आहेत, कापलेले पांढरे केस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आरशात बघून त्या सरांना म्हणाल्या, "आज पुन्हा टोपी विसरलास."

मला जरा खटकलं. एवढा शिकलेला माणूस, आणि बस चालवणारी बाई त्यांना अरेतुरे करते. सर नुसते हसले. फार साधे आहेत, कुणाचंही चालवून घेतात.

१९ मार्च, बुधवार

पाचला दहा कमी असताना वॉर्डातून एक तुकडा आला. पेशंटला ताप, औषध सुरू करायचं तर आजच कळायला हवं. मी सरांकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं ते काय करतात.

त्यांनी फोन उचलला. "आज साडेसहा होतील. तू हो पुढे." एवढंच. फोन ठेवला आणि कामाला लागले. पावणेसातला रिपोर्ट वर गेला. ना सुस्कारा, ना कुणाला 'माझ्यामुळे झालं' असं दाखवणं.

बत्तीस वर्षांत किती वेळा असं थांबला असाल, मी विचारलं. "मोजलं नाही. लागलं तेव्हा थांबलो. पण रोजच लागतं असं जो म्हणतो, त्याला बहुतेक घरी जायचं नसतं."

हे मला लागलं. मॅडम रोज आठपर्यंत असतात. त्यांच्याबद्दल असं कुणी बोललेलं मला आवडणार नाही. सर त्यांच्याबद्दल बोलत नव्हते, हेही खरं.

२३ मार्च, रविवार

अकराला उठले. आई तलावावरून परत आली होती. दोन्ही टॉवेल दोरीवर टाकत होती, एक ओला आणि एक कोरडा. पूर्वी रविवारी आम्ही दोघी जायचो. हल्ली मला उठवत नाही, माझी झोप मोडू नये म्हणून.

तिने एक बातमी दिली. तेरा एप्रिलला ती तलाव पार करणार आहे. या काठावरून त्या काठावर, अडीच किलोमीटर. दरवर्षी चाळीसेक माणसं उतरतात, प्रत्येकाबरोबर ओळखीचं कुणीतरी होडीत असतं. आईला एकोणसाठावं चालू आहे. पोहायलाच ती चाळिशीत शिकली, बाबा गेल्यानंतर. आधी पाण्याला घाबरायची, आणि आता शंभर-शंभर मुलांची भीती घालवते.

"होडीत तू असशील का?" तिने विचारलं.

म्हटलं, ड्युटी बघून सांगते.

"बघ. नाहीतर शाळेतल्या शिपाईमामांना विचारलंय."

आधीच विचारून ठेवलंय म्हणजे बरंच झालं. आई पहिल्यापासून पक्की आहे.

२८ मार्च, शुक्रवार

लॅबमधला शेवटचा दिवस. धीर करून विचारलं, सर, तुम्ही विभागप्रमुख का नाही झालात?

त्यांनी टाळलं नाही. "तीनदा विचारलं होतं. प्रमुखाच्या बैठका साडेपाचला असतात. तिन्ही वेळा नको म्हटलं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर. आताचे प्रमुख माझे विद्यार्थी. पहिल्या वर्षी मला त्यांची सही घेऊन रजा टाकावी लागायची, तेव्हा घशाखाली घास उतरत नसे. माझ्या बरोबरीच्या लोकांची नावं पुस्तकांवर आहेत, माझं नाही. हे फुकट मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मी पुन्हा निवडलं तरी हेच निवडीन. आता घास उतरतो."

मी इतका खरा बोलणारा माणूस पाहिलेला नाही. पाचला त्यांच्याबरोबरच निघायचं होतं, पण वॉर्डातून बोलावणं आलं.

३ एप्रिल, गुरुवार

मॅडमच्या हाताखाली परत. बरं वाटतंय. आज दोनदा रिपोर्ट आणायला तळघरात गेले. तसा त्या कामाला माणूस आहे, पण तो उशीर लावतो. तिसऱ्यांदा काकूच म्हणाल्या, "आता काय विसरलं?" एक विचित्र स्लाइड होती, ती बघत थोडी बसले.

८ एप्रिल, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवायचंय.

पेशंट चोवीस वर्षांची, बेकरीत काम करणारी. डाव्या अंडाशयावर मोठी गाठ. पुढच्या वर्षी लग्न. काल दुपारी संमतीच्या कागदावर सही घेताना म्हणाली, "लागलं तर सगळं काढा." पेन परत देताना हळूच विचारलं, "उठल्यावर माझ्याकडे काय काय उरलेलं असेल, डॉक्टर?" मी सहीखाली तारीख घातली.

गाठ घातक असेल तर दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय, सगळं काढावं लागतं. नसेल तर एकाच बाजूचं. हे ऑपरेशन चालू असतानाच ठरवायचं. गाठीचा तुकडा खाली जातो, काकू तो क्षणात गोठवून त्याचे पातळ काप करतात, सर बघतात आणि वीस मिनिटांत फोनवर सांगतात. तोवर पेशंट टेबलावर, पोट उघडं.

दहा चाळीसला मॅडमनी गाठ बाहेर काढली. वरून खडबडीत, आत भरीव. मॅडम म्हणाल्या, "मला हे चांगलं दिसत नाही. तू घेऊन जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांब."

मी धावत जिना उतरले. सरांनी गाठ हातात घेतली, फिरवली, आणि घाई न करता तीन ठिकाणांहून काप घेतले. काकूंनी स्लाइड केल्या. सर बसले. दुसऱ्या डोळ्यातून मी बघत होते. गर्दी होती. रांगा मोडल्या होत्या. पण खालच्या थरात कुणी घुसलेलं मला दिसेना. वाटलं, आपल्याला कळत नाही.

अकराला फोन वाजला. स्पीकरवर मॅडम. "वीस मिनिटं झाली."

"मला अजून तुकडे बघायचेत," सर म्हणाले.

"पेशंट टेबलावर आहे."

"माहीत आहे."

त्यांनी आणखी चार काप घेतले. अकरा बाराला पुन्हा फोन. मॅडमचा तो आवाज मी वॉर्डात ऐकलाय, भलेभले घाई करतात. "आता मला निर्णय घ्यावा लागेल."

सरांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. "पाच मिनिटं द्या. चुकीचं लवकर सांगण्यापेक्षा बरोबर उशिरा सांगतो."

पाच मिनिटं सात झाली. शेवटची स्लाइड काठापासून काठापर्यंत त्यांनी अशी बघितली, जणू दिवसभरात तीच एक आहे. मग मला विचारलं, "काय दिसतं?"

मी म्हटलं, "गर्दी आहे. वेडंवाकडंही आहे. पण खाली कुठे घुसलेलं दिसत नाही."

"मलाही," ते म्हणाले, आणि फोनच्या स्पीकरकडे वळले. "काठावरची गाठ आहे. घातक म्हणता येणार नाही. सात ठिकाणी बघितलं, कुठेही खाली शिरलेली नाही. माझ्या मते बाकीचं राहू द्या. शेवटचा शब्द पूर्ण गाठ तपासल्यावर, पण आज माझं मत हे."

मग मॅडम म्हणाल्या, "बाकीचं राहू दे." ते सरांना नव्हतं, थिएटरमधल्या लोकांना होतं. मग सरांना म्हणाल्या, "आभारी आहे."

मी वर आले तेव्हा मॅडम पोट शिवत होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी डोळ्यांनी घातक ठरवून टाकलं होतं." आपली चूक अशी साध्या आवाजात सांगणारं मोठं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी पेशंट शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर मीच दिलं.

पाच वाजता सर नेहमीप्रमाणे घरी गेले.

१२ एप्रिल, शनिवार

पूर्ण रिपोर्ट आला. सरांचं बरोबर. मॅडमनी तो पेशंटला स्वतः वाचून दाखवला, आणि खाली जाऊन सरांना भेटूनही आल्या. काकूंनी सांगितलं, दोघं उभ्या उभ्या दहा मिनिटं त्याच गाठीबद्दल बोलत होते, लहान मुलं नव्या खेळण्याबद्दल बोलतात तशी.

उद्या रविवारी वॉर्डात एक जण कमी आहे. मॅडमनी विचारलं, कोण येईल? माझा हात वर गेला. उद्या तेरा तारीख आहे हे नंतर आठवलं. पण शिपाईमामा आहेत.

१३ एप्रिल, रविवार

आईने तलाव पार केला. एक तास बावीस मिनिटं. मला दुपारी फोटो आला. त्या काठावर ती उभी, ओठ निळे, दोन्ही हात वर. आईला दोन्ही हात वर केलेलं मी कधी पाहिलेलं नाही. फोटो शिपाईमामांनी काढलाय, कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे.

वॉर्डात आज विशेष काम नव्हतं. तीनदा चहा घेतला. माझ्याशिवाय सहज भागलं असतं.

घरी गेले तर आई झोपलेली होती. तिच्या खांद्याला पट्ट्याने घासल्याचा लाल वण आलाय. थोडा वेळ बघत बसले. का बसले, माहीत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आज पाचला सुटले. पाच दहाच्या बसने शेवटपर्यंत गेले, डेपोपर्यंत. सहज. सर पुढच्या सीटवर होतेच. डेपोत सगळे उतरले. चालक बाईंनी गणवेशाचं जाकीट काढून घडी केलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी ते न बघता पिशवीत टाकलं आणि पिशवी खांद्याला लावली. वर्षानुवर्षं रोज केल्याशिवाय असं जमत नाही.

मी डॉक्टर आहे आणि मला हे निदान करायला पाच आठवडे लागले.

सरांनी मला पाहिलं आणि ओळख करून दिली. "ही माझी बायको. हिची शेवटची फेरी पाच दहाला हॉस्पिटलच्या दारावरून जाते."

बाई म्हणाल्या, "गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही असा नियम आहे. म्हणून इथून घरापर्यंत चालत जातो. दिवसभराचं तेवढ्यात बोलून होतं."

मी आजवर सरांबद्दल काय काय कल्पना केल्या होत्या. घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, काहीतरी दुःख असेल. म्हणजे पाचला जायला तसंच मोठं कारण हवं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

सर गोंधळलेच. "घरी जायला कारण लागतं का?"

दोघं चालायला लागले. बाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, बहुतेक कुणा आडव्या आलेल्या गाडीबद्दल. सर मान डोलवत होते. मी वळणापर्यंत बघत राहिले.

२५ एप्रिल, शुक्रवार

उंच्याला म्हटलं, पॅथॉलॉजीचा विचार करतेय. "पळतेयस," तो म्हणाला. दिवसभर हेच डोक्यात. खरंच पळतेय का? सोपं म्हणून घेतेय? त्या चाळीस मिनिटांत सोपं काय होतं, ते मला कुणी सांगावं. पण ते सरांचं काम होतं. मला तसं बसता येईल का? आणि मॅडमना सांगू कसं? त्यांच्याइतकं मी कुणाला मानत नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "माझ्यासाठी काही ठरवू नकोस. मी पोहतेय." मग थोड्या वेळाने, "तुला तिकडे बसायला आवडतं ना? महिनाभर जेवताना दुसरं बोलतेस काय."

मी काय बोलते याकडे माझं लक्ष नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

मॅडमना सांगितलं. पाठ करून गेलेली वाक्यं विसरले आणि नुसतं म्हटलं, "मला तळघरात जायचंय."

त्यांनी हातातला कागद ठेवला. "का?"

मी काम आवडतं ते सांगितलं. मग तलावाचंही सांगितलं, वर गेलेल्या हाताचंही. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाल्या, "लोक मला विचारतात, या कामापायी काय काय सोडलंस. मला उत्तर देता येत नाही. थिएटरचा दिवा लागला की मी घरीच आलेली असते. त्यामुळे मी त्याग केला वगैरे कुणी म्हटलं की मला हसू येतं. तू मात्र दोन महिने मोजतेयस. मोजणं वाईट नाही. पण मोजत मोजत इथे उभी राहिलीस, तर इथे अर्धी राहशील आणि घरीही अर्धीच."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, हात वाया घालवू नकोस."

"म्हणाले होते. तेव्हा मी तुझे हात बघितले होते. त्या दिवशी फोनवर तुझा आवाज ऐकला. 'खाली कुठे घुसलेलं दिसत नाही.' स्पीकर चालू होता." आणि कागद पुन्हा उचलत म्हणाल्या, "ते सहा वर्षांनी निवृत्त होतायत. मी ओरडले तरी घाई करणार नाही असं माणूस मला खाली लागणारच आहे. आता जा, चार नंबरच्या बाईंचे टाके बघ."

मी मॅडमना सोडून चाललेय असं मला वाटत होतं. बाहेर आले तेव्हा वाटलं, त्यांनी मला नेमून पाठवलंय.

३० एप्रिल, बुधवार

अर्ज भरला. पहिली पसंती पॅथॉलॉजी. दुसरी लिहिली नाही.

२ जून, सोमवार

पहिला दिवस. सातला पोचले. सर माझ्या आधी.

एकतीस स्लाइड बघितल्या, चारांत चुकले. एक चूक लाजिरवाणी होती. सर रागावले नाहीत, तीच स्लाइड तीनदा बघायला लावली. तिसऱ्यांदा दिसलं.

पाचला निघायला माझा पाय उचलेना. दारापाशी उगीच रेंगाळले. वाटलं, कुणीतरी हाक मारेल. कुणी मारली नाही.

घरी गेले. आईने दार उघडलं आणि माझ्या कपाळाला हात लावला. "बरं नाही का?"

"बरी आहे. काम झालं."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा टाकायला गेली. मी मागोमाग गेले. आमच्या स्वयंपाकघरात या वेळी ऊन येतं. ओट्यावरून सरकत ते डब्यांच्या फळीपर्यंत जातं. चार वर्षं या घरात राहतोय आणि मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. तिने आपली खुर्ची बरोबर त्या उन्हात ठेवलेली आहे. आज तिने आणखी एक शेजारी ओढली.

साडेसातपर्यंत बसलो होतो. काय बोललो, ते लिहून ठेवण्यासारखं काही नाही.